पेन्सिलीनं काढलेला कंप्युटर

केशवराव निंबार्ते सरांनी फळ्यावर काढलेला कंप्युटर पाहिला, की खरा कंप्युटर पाहायची गरज उरत नाही, असं कॉलेजात सगळे गमतीनं म्हणायचे. आधी गमतीनं म्हणायचे, मग हळूहळू खरंच मानायला लागले. त्यात स्वतः केशवरावही होते, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

भंडारा जिल्ह्यातलं हे कॉलेज हमरस्त्याला लागून, तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि चौथ्या बाजूला चहाची टपरी. केशवराव तिथं तीस वर्षं कॉमर्स शिकवत आलेले. अक्षर मोत्यासारखं, खडूची रेघ आखल्यासारखी सरळ. गेल्या वर्षी वरून नवा विषय आला, ‘डिजिटल कार्यकौशल्ये’. आजच्या ऑफिसात जे काही चालतं ते पदवीच्या मुलांना कॉलेजातच हाताखालून जावं, साठ तास मशीनवर बसून त्यांनी ते करावं, असा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. फक्त तो शिकवायला माणूस नेमायची परवानगी नव्हती. मग ज्यांचे तास कमी भरत होते त्यांच्या गळ्यात तो विषय पडला, म्हणजे केशवरावांच्या.

कंप्युटर नव्हते असं नाही. चांगले वीस होते. अनुदानातून आले होते, एका खोलीत ओळीनं मांडले होते, आणि अंगावरच्या प्लास्टिकसकट कुलपात होते. मुलांनी हात लावला तर बिघडतील, बिघडले तर दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा, आणि समिती तपासायला आली तर दाखवायचं काय, असा प्राचार्यांचा हिशोब. समिती यायच्या आदल्या दिवशी शिपाई डोमा ती खोली झाडायचा, टेबलांवर फुलदाण्या ठेवायचा आणि समिती गेली की पुन्हा कुलूप घालायचा. तेवढंच काय ते त्या मशीनींना माणसाचं दर्शन.

केशवरावांनी यावर आपल्या परीनं तोड काढली. त्यांच्या पुतण्यानं वीसेक वर्षांपूर्वी कंप्युटरचा डिप्लोमा केला होता, त्याचं पुस्तक माळ्यावरून काढलं, आणि त्यातला स्क्रीन जसाच्या तसा फळ्यावर उतरवला. वर निळ्या खडूची पट्टी, खाली फाईल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, त्याखाली ए पासून एच पर्यंत रकाने आणि पंधरा ओळी. माऊसची आकृती, तिला डावं बटण, उजवं बटण, मधलं चाक असे बाण. मुलांनी हे सगळं प्रॅक्टिकलच्या वहीत पेन्सिलीनं काढायचं, रंग भरायचा, शेजारी पायऱ्या लिहायच्या: प्रथम फाईल या शब्दावर जावे, नंतर खाली उघडलेल्या यादीतून सेव्ह निवडावे. आकृती स्वच्छ असेल त्याला मार्क. आता हसू येतं, पण वर्गात कुणी हसलं नाही. बत्तीस मुलं खाली मान घालून कंप्युटर काढत बसायची.

त्यात गुंजन रामटेकेची वही म्हणजे पाहत राहावी अशी. कोंढ्याहून बसनं येणारी ही पोरगी अबोल, पण पेन्सिल हातात घेतली की जीव ओतायची. तिच्या पंधरा ओळींत एक रेघ वाकडी नसायची. पायऱ्या तर अशा पाठ, की मधूनच विचारलं तरी अडखळायची नाही. केशवरावांनी तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस दिले. दोन मार्क ते कुणाचेही कापायचेच, पोरांना गर्व होऊ नये म्हणून. तिची वही त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना फिरवून दाखवली. पोरगी तयार झाली, असं त्यांनी स्वतःलाही पटवलं होतं.

त्या अठ्ठेचाळीस मार्कांच्या प्रमाणपत्राच्या जोरावर नागपूरच्या एका कंपनीनं गुंजनला परीक्षेला बोलावलं. अंतिम वर्षाला असतानाच निवड, आणि पदवी झाल्यावर नोकरी. कॉलेजातून अशी ती एकटीच. केशवराव तिच्यासोबत स्वतः गेले. शुक्रवारची पहिली बस पकडून दोघं निघाले, तेव्हा मास्तरांच्या अंगावर लग्नाला घालायचा शर्ट होता.

कंपनीचं ऑफिस सातव्या मजल्यावर. परीक्षेची खोली काचेची, त्यामुळे बाहेरच्या बाकावरून आतलं सगळं दिसत होतं. दहा-बारा मुलंमुली एकेका मशीनसमोर बसली. काम साधं होतं. सगळ्यांनी मिळून एकच यादी भरायची, दोनशे गिऱ्हाइकांची. प्रत्येकानं आपापल्या वाट्याची माहिती टाकायची, गावांप्रमाणे लावायची, बेरीज काढायची आणि परीक्षकांना पाठवायची. हल्ली ऑफिसात काम असंच चालतं, एकाच कागदावर दहा जणांचे हात.

गुंजननं स्क्रीनकडे पाहिलं आणि ती तशीच बसून राहिली. फाईल, एडिट, व्ह्यू तिनं ज्या जागी काढले होते त्या जागी काहीच नव्हतं. होतं ते सगळं वेगळ्याच चित्रांचं. मग तिनं बोट उचललं आणि स्क्रीनवरून वर सरकवलं, फोनवर सरकवतात तसं. काही हललं नाही. तिनं पुन्हा सरकवलं. शेजारच्या मुलानं तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिनं बोट मागं घेतलं आणि ओढणीनं काच पुसली, जणू पुसायलाच हात नेला होता.

पुढचं तर केशवरावांना पाहवेना. यादीत इतरांनी भरलेली माहिती तिच्याही स्क्रीनवर आपोआप उमटायला लागली. एक रकाना भरला, दुसरा भरला, कुणी तरी मधली ओळ खोडली. आपल्या हातून काही तरी बिघडलं असं तिला वाटलं असावं. तिनं दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले. पाऊण तास ती तशीच बसली, ओठ मात्र हलत होते. ती पायऱ्या म्हणत होती. केशवरावांना त्या हलत्या ओठांवरून कळत होतं की ती एकही पायरी चुकत नाहीये.

परीक्षा घेणारी तृप्ती नावाची तरुण अधिकारी बाहेर आली. बोलायला नम्र, पण नजर कामाची. हातातल्या कागदावर बोट ठेवून ती म्हणाली, “सर, प्रमाणपत्रावर साठ तास प्रॅक्टिकल लिहिलंय. खाली सही तुमची आहे. या मुलीनं कंप्युटर हाताळलाय ना याआधी?”

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. पण त्या एका शब्दामागं कुलूप होतं, प्राचार्य होते, खालची सही होती आणि तीस वर्षांची अब्रू होती. केशवरावांच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

“हाताळलाय तर! हुशार आहे हो मुलगी. जरा घाबरट आहे, एवढंच. खेड्यातली आहे ना.”

“असं होतं कधी कधी,” तृप्ती म्हणाली. “जे घाबरतात त्यांना आम्ही एकदा परत बोलावतो. पुढच्या गुरुवारी आणा तिला.”

केशवरावांचा जीव भांड्यात पडला. ते वळले, तर मागं पाण्याच्या मशीनपाशी गुंजन ग्लास घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. ग्लासातलं पाणी तिनं पूर्ण प्यायलं, ग्लास नीट जागेवर ठेवला आणि चला म्हणाली.

परतीच्या बसमध्ये त्यांनी तिला केळी घेऊन दिली, ती तिनं पिशवीत ठेवली. मौदा मागं पडल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

“सर, माहं चुकलं.”

“अगं, होतं असं.”

“मले पाठ होतं सगळं. वहीतलं एक पान चुकलं नसतं. पन तिथं तसं काहीच नव्हतं.”

“असू दे. गुरुवारी परत आहे ना.”

“गुरुवारी बी तेच असंल ना सर?”

केशवरावांनी खिशात तिकीट शोधायला सुरुवात केली. तिकीट हातातच होतं.

शनिवारी ते प्राचार्यांकडे किल्ली मागायला गेले. सगळी हकीकत सांगितली, फक्त ते तृप्तीला काय बोलले तेवढं गाळलं. प्राचार्य दुष्ट माणूस नव्हते, सावध होते, आणि सावध माणसापुढं हात टेकावे लागतात ते याचसाठी, की त्याचं म्हणणं कुठंच चुकीचं नसतं.

“एकीसाठी खोली उघडली, तर सर, बत्तीस जण दारात उभे राहतील,” ते म्हणाले. “मग कुणी तरी विचारेल, गेलं वर्षभर काय केलं? साठ तासांवर सही तुमची आहे, माझी नाही. पुढच्या महिन्यात समिती येते आहे. ती जाऊ द्या, मग बघू.” आणि केशवराव उठायला लागले तेव्हा प्राचार्य म्हणाले, “तुमचे रिटायरमेंटचे कागद माझ्याच टेबलावर आहेत. पुढच्या आठवड्यात पाठवून टाकतो.”

केशवराव बाहेर आले, तर डोमा पायरीवर बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं, शिपायाला जातंच. तो म्हणाला, “सोमवारी सात वाजता या सर. किल्ली माह्यापाशी राहते, मी उघडून देतो. नऊच्या आत बंद करू. पन कुठं लिहू नोका अन् कोनाले सांगू नोका.”

सोमवारी सातला दोघांनी मिळून प्लास्टिक काढलं. वीसातल्या सात मशीनींच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, अकरा सुरूच झाल्या नाहीत. दोन लागल्या. केशवराव त्यातल्या एकीसमोर बसले. माऊस हातात घेतला. या माऊसची आकृती त्यांनी किती वेळा काढली असेल, डावं बटण, उजवं बटण, मधलं चाक. पण स्क्रीनवरचा बाण त्यांच्या हाताला जुमानेना. कधी कोपऱ्यात पळे, कधी कुठंच दिसेना. तास गेला आणि त्यांना एक रिकामा कागदही उघडता आला नाही. काचेच्या खोलीत त्या पोरीनं पाऊण तास काय सोसलं असेल ते त्यांना तेव्हा कळलं, आणि साठीला आलेला तो माणूस शरमेनं लाल झाला. डोमा दारात उभा होता. तो दुसरीकडे पाहत राहिला.

त्या दिवशी गुंजन कॉलेजात आली नाही. मंगळवारीही नाही. गुरुवार दोन दिवसांवर आला होता. मंगळवारी दुपारचे तास सोडून केशवराव कोंढ्याच्या बसमध्ये बसले.

रामटेक्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. गुंजनचे वडील गोमाजी राईस मिलमध्ये हमालीला, ते कामावर होते. आई शकुंतलाबाई दारात आली, आणि सरांना पाहून तिची धांदल उडाली.

“जयभीम जी सर! या, या. बसा न जी.” तिनं पदरानं खुर्ची पुसली, चुलीवर चहाचं पाणी ठेवलं आणि समोर जमिनीवर बसली. “गुंजन धानाच्या रोवण्यावर गेली. म्या म्हनलं, कॉलेजात जाय, तर म्हनते आता जाऊन का करू. तुमीच समजवा तिले. तुमी एवढं शिकवलं, नागपूरले घेऊन गेले, अन् हे पोट्टी तिथं भेली. भेकड निघाली जी.”

“ती भ्यायली नाही बाई.”

“आता तुमी झाकू नोका सर. तिनंच सांगतलं मले.”

पोरीनं त्यांचं खोटं घरी आणलं होतं आणि स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. सरांनी शिकवलं नाही, असं आईला सांगण्यापेक्षा मी भ्याले, हे सांगणं तिला सोपं गेलं होतं.

“बाई, चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मीच तिला नीट शिकवलं नाही.”

शकुंतलाबाईला ते खरं वाटलंच नाही. “तुमी कायले चुकान जी? तुमी सर आहा.” ती उठली आणि फळीवरून वही घेऊन आली. वहीला दुधाच्या पिशवीसारखं जाड प्लास्टिकचं कव्हर घातलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण पानं तिला ठाऊक होती. “हे पाहा. हे काढलं तवा लाईन नव्हती, कंदील लावून बसली होती. कोनी आलं का मी दाखवतो, म्हनतो, हा कंप्युटर माह्या पोरीनं काढला. ऑनलाइनच्या दुकानात गेलं तर तो पोरगाच फॉर्म भरते, मशीनले आपल्याले कुठं हात लावू देते? कॉलेजात तरी तुमी शिकवलं.”

केशवराव त्या पानाकडे पाहत बसले. आपल्याच फळ्याची नक्कल होती ती, आणि फळ्यापेक्षा सुंदर होती. कुणी चारचौघांत त्यांच्या कानाखाली वाजवली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, अशी त्यांची अवस्था झाली होती.

तेवढ्यात गुंजन आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हाताला पऱ्ह्यांचा, धानाच्या रोपांचा, हिरवा वास. सरांना पाहून ती थबकली. अंगणातल्या ड्रममधून पाणी घेऊन तिनं सावकाश पाय धुतले आणि उंबऱ्याशी बसली.

“गुंजन, लॅब उघडली आहे,” केशवराव घाईघाईनं म्हणाले. “दोन मशीनी चालतात. उद्याचा दिवस आहे हातात. सकाळी सातला ये, आपण जमेल तेवढं करू. पण कुणाला सांगू नको.”

“सात वाजता काहून?”

“प्राचार्य साडेदहाला येतात.”

“म्हनजे चोरून.”

गुंजन थोडा वेळ पायाच्या नखांतली माती काढत होती. मग तिनं मान वर केली.

“सर, एक इचारू? खऱ्या कंप्युटरवर तसं नसते, हे तुमाले माहीत होतं का?”

नाही म्हणता आलं असतं, आणि तिनं ते मानलंही असतं. मागं उभ्या शकुंतलाबाईनं तर आनंदानं मानलं असतं.

“माहीत होतं,” केशवराव म्हणाले.

“कवापासून?”

“दिवाळीपासून. कॉलेजच्या ऑफिसात प्रफुल्ल क्लार्कच्या मशीनवर पाहिलं होतं. सगळं बदललं आहे हे तेव्हाच दिसलं.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“लाज वाटली. सांगायचं म्हणजे मला येत नाही हे सांगावं लागलं असतं. माझ्या मुलाच्या वयाच्या पोराकडून शिकावं लागलं असतं. तुम्ही इतकं छान काढत होता, मी म्हटलं, चालून जाईल.”

“अन् त्या मॅडमले तुमी सांगतलं, मी घाबरट आहो म्हनून. खेड्यातली आहो म्हनून.”

“हो.”

“मी भेली नव्हती सर,” गुंजन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द सुटा येत होता. “मले शिकवलंच नव्हतं.”

“गुंजन!” शकुंतलाबाई कळवळून म्हणाली. “सरासंग असी बोलते?”

“तिला बोलू द्या बाई. ती बरोबर बोलते आहे.”

“फोन करा सर मॅडमले,” गुंजन म्हणाली. “माह्या समोर करा.”

“करतो. पण आधी ऐक. गुरुवारची संधी घाबरलेल्यांसाठी आहे. खरं सांगितलं तर ती जाईल.”

“जाऊ द्या. एका दिवसात शिकून मी का पास होनार हाय? गुरुवारी बी नापासच होईन. मंग तिथं कागदावर राहीन, का पोट्टी दोनदा भेली. पुढं मी कुठं बी गेली तरी ते माह्या मांगं येईल.”

पोरगी त्यांच्यापेक्षा लांबचं पाहत होती. त्यांनी फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन वहीवर ठेवला. तृप्तीनं उचलल्यावर त्यांनी थांबत थांबत पण काही न गाळता सांगितलं. कॉलेजात कंप्युटर आहेत आणि ते कुलपात आहेत. साठ तासांपैकी एकही तास झालेला नाही. मुलांनी वह्यांत चित्रं काढली. सही माझी आहे. मुलगी घाबरली नव्हती, ते मी स्वतःला वाचवायला बोललो.

पलीकडे तृप्तीनं कागद उलटल्याचा आवाज आला.

“हे मला लेखी द्याल, सर?”

“देतो.”

“मग गुरुवारी तिला आणू नका, उपयोग नाही. आणि तुमच्या कॉलेजच्या प्रमाणपत्रावर यापुढं मला कुणालाच बोलावता येणार नाही.”

“तिच्या नावापुढं काय लिहाल?” केशवरावांनी विचारलं.

“‘शिकवलेलं नाही’ असा रकाना नाहीये आमच्याकडे,” तृप्ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “शेऱ्यात लिहीन मी तसं. घाबरली हा शब्द काढून टाकते. शिकून आली की तिला स्वतःच्या नावानं अर्ज करू दे.”

फोन बंद झाला. नोकरी गेली होती, आणि ती गेल्याचं तिघांनाही नीट कळलं होतं. चुलीवर चहाचं पाणी केव्हाचं उकळत होतं, पण ते उतरवायला शकुंतलाबाई उठली नाही. तिनं फोन बाजूला सारला आणि वही मांडीवर घेतली. पहिल्या पानावर लाल शाईत मार्क होते, तेवढे आकडे तिला वाचता येत.

“सर,” ती म्हणाली, “मंग अठ्ठेचाळीस मार्क कायले देले जी तुमी?”

“चित्रं सुंदर होती, बाई.”

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर केशवरावांनी सोसला असता. या घरात शाळेत पाऊल टाकणारी गुंजन पहिलीच पिढी, आणि सर जे देतील ते खरं, यापलीकडे शकुंतलाबाईला शिक्षणातलं काही ठाऊक नव्हतं. तेवढ्यावर तिनं उन्हात वाकून वाकून मजुरी करून मुलीला बसचे पास काढून दिले होते. आता ती खुर्चीवर बसलेल्या माणसाला नव्यानं ओळखू पाहत होती. केशवरावांनी मान खाली घातली.

थोड्या वेळानं गुंजन म्हणाली, “उद्या मी येईन सर. पन सातले नाही. साडेदहाले येईन. अन् एकटी नाही, सगळ्यायले बोलवा.”

“दोनच मशीनी चालतात, गुंजन.”

“चालू द्या न. पाळीपाळीनं बसू. पन दार उघडं पाहिजे.”

“मला शिकवता येणार नाही. मला स्वतःलाच येत नाही.”

“तेच सांगा मंग सगळ्यायले,” ती म्हणाली, आणि चहाचं पाणी उतरवायला आत गेली.

चहा झाला. निघताना शकुंतलाबाई दारापर्यंत आली. तिनं हात जोडले, पण ‘येजा’, म्हणजे पुन्हा या, असं म्हणाली नाही.

बसथांब्यावर केशवराव एकटेच होते. समोरच्या बांधीत बायकांची ओळ वाकून रोवणा करत मागं मागं सरकत होती. त्यांनी वर्गाचा ग्रुप उघडला आणि एका बोटानं अक्षर अक्षर शोधत लिहायला लागले. बराच वेळ लागला.

“उद्या बुधवारी सकाळी साडेदहा वाजता संगणक कक्ष उघडा राहील. सर्वांनी यावे. गेल्या वर्षी मी तुम्हाला संगणक शिकवला नाही, त्याची चित्रे काढायला शिकवली. प्रमाणपत्रावरचे साठ तास झालेले नाहीत. गुंजन रामटेके परीक्षेत घाबरली नव्हती, ती चूक माझी होती. मला संगणक येत नाही. तुमच्यापैकी ज्याला येत असेल त्याने मला व इतरांना शिकवावे.”

ग्रुपमध्ये बत्तीस मुलं होती, प्रफुल्ल क्लार्क होता आणि प्राचार्यही होते. केशवरावांनी मजकूर दोनदा वाचला आणि पाठवला.

बस यायच्या आत फोन वाजला. प्राचार्यांचं नाव होतं. केशवरावांनी तो लगेच उचलला.

“निंबार्ते सर, हे काय लिहिलंत तुम्ही?” पलीकडून आवाज आला. “तुमचा फोन कुणी दुसऱ्यानं घेतलाय का?”

“नाही सर,” केशवराव म्हणाले. “मीच लिहिलं आहे, आणि ते खरं आहे.”